पालगडची मोळी आणि पंढरीचे दार

वारीला आपण महाद्वारात पोहोचतो, तेव्हा पहिला माथा टेकतो तो नामदेव पायरीवर. समोरच चोखोबांची समाधी. बरोबर लेकरू असले की आपण त्याला कडेवर घेतो आणि म्हणतो, "बाळा, जय कर." लेकरू हात जोडते आणि गर्दीच्या रेट्याबरोबर आपण आत सरकतो. या दारातून आत जायला कोणाला बंदी असेल, असे त्या लेकराच्या स्वप्नातही येत नाही.

चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली गेले, ते शके १२६० म्हणजे इ. स. १३३८ मध्ये. त्यांच्या समाजाच्या माणसाला पंढरीच्या मंदिराचे दार उघडले, ते १९४७ च्या मे महिन्यात. मध्ये सहाशे वर्षे गेली. या सहाशे वर्षांत गळ्यात तुळशीची माळ आणि हातात टाळ घेऊन आलेल्या किती जणांनी पायरीवरूनच कळसाला हात जोडले आणि माघारी वाट धरली, त्याची मोजदाद पांडुरंगालाच ठाऊक.

ते दार उघडावे म्हणून ज्यांनी पंढरपुरात बसून प्राण पणाला लावले, त्यांचेही नाव पांडुरंगच. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी. त्यांच्या राजकारणाविषयी आज लिहायचे नाही. एखाद्या मुलाच्या मनात दुसऱ्याचे दुःख कसे उतरते, ते कोण उतरवते, आणि असे मन तयार झाल्यावर पुढे त्याला काय लागते, एवढेच पाहायचे आहे. आपल्याही घरात मुले वाढत आहेत, म्हणून हा विचार.

रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यात पालगड नावाचे गाव आहे. डोंगरावर किल्ला, पायथ्याशी घरे, आगरे, लाल मातीच्या वाटा. २४ डिसेंबर १८९९ रोजी तिथे सदाशिवराव आणि यशोदाबाई यांच्या पोटी हा मुलगा जन्मला. घर खोताचे, म्हणजे एके काळी मानाचे. पण भाऊबंदकी आली, वाटण्या झाल्या, कर्ज चढले आणि मुलाच्या डोळ्यांदेखत घराची रया गेली. अशा घरात मुले दोन तऱ्हांनी वाढतात. काही कडवट होतात, जगाने आपले हिरावून घेतले म्हणून जगावर रुसतात. काहींना मात्र दुसऱ्याच्या घरची चूल पेटली नाही, तर ते कळू लागते. कोणते मूल कुठल्या वाटेला लागेल, हे बरेचसे घरातल्या मोठ्या माणसावर असते. इथे ते मोठे माणूस म्हणजे आई होती.

यशोदाबाईंच्या आठवणी गुरुजींनी पुढे 'श्यामची आई' या पुस्तकात लिहिल्या. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ते लिहून झाले आणि १९३५ मध्ये छापून आले. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ते असेल. वाचताना डोळे भरून येतात, पण त्या ओलाव्यात एक गोष्ट निसटून जाते. ही आई मुलाला उपदेशाने फारसे शिकवत नाही. समोर काम पडलेले असते, त्या कामातून ती शिकवते.

मुलगा अंघोळ करून उठतो आणि ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून हट्ट धरतो. आई रागावत नाही. धोंडीवर आपला पदर पसरते, त्यावर त्याला पाय पुसू देते, आणि मग सांगते की पायांना जसा जपतोस तसा मनालाही जप. आधी पदर पसरला, मग सांगणे आले. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पदर न पसरता नुसते सांगणे झाले असते, तर ते मुलाच्या कानावरून गेले असते.

दुसरा प्रसंग भाजीचा. आई भाजीत मीठ घालायला विसरली. वडील जेवले, मुले जेवली, कोणी चकार शब्द काढला नाही. शेवटी आई जेवायला बसली तेव्हा तिला ते कळले. जिने राबून रांधले तिचे मन दुखू नये, म्हणून घरचा कर्ता पुरुष अळणी भाजी मुकाट्याने जेवतो, हे मुलांनी त्या दिवशी पाहिले. त्यावर कोणी प्रवचन दिले नाही. देण्याची गरजही नव्हती.

कीर्तनात आपण नेहमी पाहतो. बापाच्या मांडीवर बसलेल्या दोन वर्षांच्या पोराला अभंगातला शब्दही कळत नाही. पण त्याची नजर टाळकऱ्यांच्या हातांवर असते. थोड्या वेळाने ते स्वतःच्या तळहातावर तळहात मारू लागते आणि काही दिवसांनी ठेक्यात मारू लागते. अर्थ त्याला फार पुढे कळतो, ताल आधी अंगात भिनतो. भावनेचेही तसेच आहे. लहान मूल आधी मोठ्यांचे चेहरे वाचते. घरी आलेल्या कामवाल्या बाईला आई कोणत्या कपात चहा देते, भिकारी दारात आला की बापाच्या कपाळावर काय उमटते, हे ते पाहत असते. कोण आपले, कोण परके, कोणाचे रडणे ऐकायचे आणि कोणाचे सोडून द्यायचे, हे बोलता येण्याआधीपासून ते शिकत असते. म्हणून हरिपाठ पाठ झाला की संस्कार झाले, असे समजून आपण स्वस्थ बसू नये.

आता मोळीची गोष्ट. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजातील एक थकलेली म्हातारी, तिची लाकडांची मोळी खाली पडलेली, आणि डोक्यावर चढवून द्यायला कोणी पुढे होत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे आणि घरी आल्यावर आंघोळ कर.

या सांगण्यात दोन आज्ञा आहेत. उचलून दे ही एक, आणि आंघोळ कर ही दुसरी. यशोदाबाई काही क्रांती करायला निघाल्या नव्हत्या. गावच्या रूढीत वाढलेली, सोवळेओवळे पाळणारी ती बाई होती. विटाळ मानू नये, असे म्हणण्याचे बळ तिच्यात नसेल, किंवा तो विचारच तिच्या मनात आला नसेल. पण डोळ्यांपुढे म्हातारी ओझ्यापाशी उभी आहे आणि आपल्या पोराला दोन धडधाकट हात आहेत, एवढे तिला दिसले आणि रूढीच्या आधी ते दिसले. मुलाच्या अंगावर दोन्ही आज्ञा पडल्या. आंघोळीचे पाणी वाहून गेले. मोळीचे ओझे मात्र हातांच्या लक्षात राहिले.

सज्जनहो, आपल्याला वाटते की मुलाला घडवायला आपण आधी पूर्ण शहाणे व्हायला हवे. या आईकडे पाहिले की थोडा धीर येतो. तिचे विचार तिच्या काळाच्या पलीकडे गेले नव्हते. करुणा मात्र गेली होती, आणि तेवढीच तिने पुढे सोपवली.

पण ही गोष्ट एवढ्यावर सोडली तर ती अर्धीच राहील. मोळीवाल्या म्हातारीच्या घरीही नातवंडे असतील. अंगणातल्या आईच्या मुलाचे मन कोवळे होत होते, तेव्हा त्या नातवंडांच्या मनात काय वाढत होते? ते समजून घ्यायला फार लांब जावे लागत नाही. दापोलीला लागूनच मंडणगड तालुका आहे. त्यात आंबडवे नावाचे गाव आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचे ते मूळ गाव. वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीला राहिले, तेव्हा लहानगा भीमराव त्याच मातीत खेळला. पुढे कुटुंब साताऱ्याला गेले. घर कबीरपंथी होते, संतांची वाणी रोज घरात म्हटली जाई. भक्तीला तिथे काही उणे नव्हते.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी १९०१ सालचा एक प्रवास लिहिला आहे. वडील कामानिमित्त परगावी होते आणि त्यांनी सुटीत मुलांना बोलावले. नवे कपडे शिवले, मुले हरखून गेली, आगगाडीत बसून मसूर स्टेशनवर उतरली. वडिलांचे माणूस न्यायला आले नव्हते. कोणत्या जातीची मुले आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा एक जण तयार झाला, पण मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि तो बाजूने चालणार, अशा बोलीवर. जवळ शिदोरी भरपूर होती, पण पाणी कोणी दिले नाही. पाण्यावाचून घास उतरेना. मुले तशीच उपाशी झोपली.

भीमराव तेव्हा जेमतेम नऊ-दहा वर्षांचा होता. शाळेत वेगळे बसावे लागते, हे त्याला आधीच ठाऊक होते. पण त्या रात्रीचा घाव मनातून कधी पुसला गेला नाही, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

मुलाच्या वाढीत अपमान हे अन्नासारखेच काम करतो, ते वाढत्या अंगाला लागते. उपासमार झालेल्या मुलाला पुढे दोन वेळा पोटभर मिळू लागले, तर अंग धरते. पण माणसांनी आपल्याला माणूस म्हणून ओळखले नाही, हे ज्या वयात कळते, त्या वयाची पोकळी सहज भरत नाही. विशेषतः दहाव्या-बाराव्या वर्षापासून पुढे. त्या वयात आपण कोण आहोत हे मूल दुसऱ्यांच्या डोळ्यांत शोधत असते. बाबासाहेबांनी त्या घावाला विद्येचे आणि लढ्याचे रूप दिले. ते त्यांचे थोरपण झाले. घाव घालणाऱ्यांना त्याचे श्रेय नाही.

एकाच मातीशी नाते सांगणाऱ्या या दोन मुलांत आठ वर्षांचे अंतर होते. एकाला मोळी उचलायला पाठवणारी आई मिळाली. दुसऱ्याला वाटेत घोटभर पाणी देणारे कोणी भेटले नाही. दोघांचीही पुढची वाट एका अर्थाने चोखोबांच्या समाधीजवळून गेली.

आईजवळून सुटलेल्या मुलाचे पुढे काय झाले ते पाहू. श्याम दापोलीला शिकायला गेला, तेव्हा तो पोरवयातून बाहेर पडत होता. त्या वयात मुलाला स्वतःचे कौतुक हवे असते. पण याने खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतला आणि गणपतीला तो कोट घेऊन घरी गेला. आईने पदर पसरला होता, त्याचे हे पहिले फळ. १९१७ मध्ये आई गेली. अखेरच्या घडीला मुलगा जवळ नव्हता. ती खंत त्यांनी जन्मभर वागवली.

पुण्याला शिक्षण पुरे करून गुरुजी खानदेशात अमळनेरला गेले. १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे तिथल्या शाळेत शिक्षक होते आणि वसतिगृहाचा भारही त्यांच्याकडे होता. आईबापांपासून दूर राहणारी, मिसरूड फुटण्याच्या वयातली मुले. या वयाची मुले ऐकत नाहीत, ही तक्रार तेव्हाही होती. गुरुजींनी आवाज चढवला नाही. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडून ठेवीत, विस्कटलेली अंथरुणे नीट करीत, पडलेले कपडे धुऊन टाकीत. मुले परत येऊन पाहत आणि दोन-चार दिवसांत ओशाळून स्वतःच सगळे आवरू लागत. शिवाय 'छात्रालय' नावाचे दैनिक ते हाताने लिहून काढीत. मुलांच्या मनात चाललेल्या गोष्टींवर मोठ्या माणसाने रोज बसून लिहावे, याहून मोठे लक्ष देणे कोणते? पालगडच्या अंगणात एका मुलाला मिळाले, ते अमळनेरला अनेकांना वाटले गेले.

१९३० मध्ये ते स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती उतरवून घेतली गुरुजींनीच. मग यायचे ते १९४६ साल आले. स्वातंत्र्य दाराशी आले होते आणि पंढरीचे दार बंद होते. कार्तिकी एकादशीपासून उपवासाला बसण्याचा निश्चय गुरुजींनी जाहीर केला. सेनापती बापटांनी त्यांना थांबवले आणि आधी लोकांकडे जायला सांगितले. मग काही महिने महाराष्ट्रभर दौरा झाला. गावोगावच्या मंदिरांची, पाणवठ्यांची दारे उघडत गेली.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपवास सुरू झाला. त्याला आसरा दिला तो तनपुरे महाराजांच्या मठाने, हे आपण वारकऱ्यांनी विसरू नये. त्या वेळी विरोध मोठा होता. त्यात टाळकरी होते, माळकरीही होते. गांधीजींनाही हा उपवास पसंत नव्हता. अशा वेळी एका वारकरी मठाने आपली ओसरी दिली. दहा दिवस उपवास चालला, दादासाहेब मावळंकरांसारख्यांनी मध्यस्थी केली, मंदिर सर्वांना खुले करण्याचे कबूल झाले आणि उपवास सुटला.

मोळी उचलणारे ते हात आता सत्तेचाळिशीचे झाले होते. या वेळी घरी येऊन आंघोळ करायची नव्हती. आईने दिलेल्या दोन आज्ञांतली एक मुलाने शेवटपर्यंत पाळली आणि दुसरी सोडून दिली. मला वाटते, यशोदामाईंना त्यात आनंदच झाला असता.

आणि दुसरा मुलगा? बाबासाहेबांनी १९३५ मध्येच येवल्याला धर्मांतराची घोषणा केली होती. दार उघडले तेव्हा ते त्या वाटेवरून पुष्कळ पुढे निघून गेले होते. तरी १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या मुळाविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ त्यांनी ज्या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला, त्यांत नंदनार आणि रविदास यांच्या बरोबरीने आपले चोखोबा आहेत. या अर्पणाकडे पाहताना आपण मान खाली घालावी. मोठी माणसे सावकाश सुधारतात. मुलाचे बालपण तोवर थांबून राहत नाही. तहान लागलेल्या मुलाला पाणी त्याच रात्री लागते.

आता एक अवघड गोष्ट. गुरुजींची ही कथा सांगताना आपण उपवास सुटतो तिथे थांबतो. पण ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नाशीत, गुरुजींनी स्वतःच आपले जीवन संपवले. या गोष्टीचा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण मुले वाढवणाऱ्याने ती डोळ्यांआडही करू नये. कोवळे मन जगाचे दुःख आत घेते आणि स्वतःचे दुःख बहुधा बोलत नाही. 'फार हळवा आहे' म्हणून आपण अशा मुलाचे कौतुक करतो किंवा त्याला हसतो. दोन्हींत त्याच्याजवळ बसणे राहून जाते.

आपल्या परंपरेला हे सातशे वर्षांपूर्वीच ठाऊक होते. आळंदीची चार भावंडे आठवा. आईबापांनी देह त्यागलेला, गावाने वाळीत टाकलेले. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानोबारायांनी झोपडीची ताटी लावून घेतली, असे परंपरा सांगते. ज्ञानियांचा राजा, पण मन दुखले ते दुखलेच. तेव्हा दाराबाहेर कोण उभे राहिले? सगळ्यांत धाकटी मुक्ताई. तिने विनवले, समजावले, आणि दार उघडेपर्यंत ती तिथून हलली नाही. ताटीचे अभंग आपण भक्तिभावाने म्हणतो. पण एक दुखावलेले पोर आत बसले आहे आणि दुसरे पोर बाहेरून त्याला हाक मारत आहे, हे त्यांतले पहिले चित्र आहे. ज्या घरात दार लावून बसलेल्या मुलाला हाक मारणारे कोणी असते, त्या घरात मुक्ताई आहे.

म्हणून वारीत आपण एकटे चालत नाही. दिंडीत विणेकरी असतो, चोपदार असतो, तुळस घेतलेली माय असते. कोणी मागे पडले तर मागचा विचारतो, "माउली, काय झालं? पाय दुखतोय का?" हेच विचारणे घरच्या मुलाच्या वाट्याला येते का, एवढे आपण तपासू या. परीक्षेत कमी गुण पडले, मैत्रिणीने बोलणे सोडले, शाळेत कोणी जातीवरून किंवा रंगावरून चिडवले, आणि मूल न जेवता खोलीत जाऊन बसले, तर आपण त्याला लगेच शहाणपण शिकवतो. त्याआधी दाराशी जाऊन बसावे. ते बोलेपर्यंत बसावे. फारच गप्प झाले असेल, झोप आणि अन्न तुटले असेल, जगण्याचाच कंटाळा आल्याचे बोलत असेल, तर शिक्षकांना, डॉक्टरांना विचारायला लाज धरू नये. उपचार करून घेतला म्हणून श्रद्धा उणी पडत नाही.

आणि दुसरे. यंदा लेकराला वारीला न्याल, तेव्हा त्याच्या हाती टाळ द्या, तसा पाण्याचा तांब्याही द्या. वाटेवर जो तहानलेला दिसेल त्याला आधी पाणी दे, असे सांगा. तो कोणत्या गावचा, कोणत्या आळीचा, हे विचारू नको, एवढेच सांगा. दिंडीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात, तेव्हा तुम्ही कोणाकोणापुढे वाकता, हे ते पाहत असेल.

मग महाद्वारात पोहोचलात की कडेवरच्या त्या लेकराला पायरीही दाखवा आणि समोरची समाधीही. हे दार कधी बंद होते आणि कोणी उघडले, ते त्याच्या वयाला झेपेल अशा शब्दांत सांगा. त्याला प्रश्न पडतील. पडू द्यावेत.

रामकृष्ण हरी.